गुरुवारचं टाचण

२ जुलै, बुधवार

दुपारी वहिनी आल्या. सर गेल्यापासून पहिल्यांदाच बाहेर पडल्या असाव्यात. शनिवार पेठेतून कसब्यापर्यंत चालत. कापडी पिशवीत पाच इंग्रजी पुस्तकं. म्हणाल्या, "अण्णा, ही यांची शेवटची. बांधून द्या. दसऱ्यानंतर मुक्ता माहेरी येतेय, ती बंगळूरला नेईल म्हणते."

म्हटलं, वहिनी, बाइंडिंग बंद करून दोन वर्षं झाली. हात थरथरतो. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिलाय.

"थरथरतो तर सावकाश करा. मी बाहेर देणार नाही."

ठेवून घेतली. 

ही आतून म्हणाली, "सकाळी पाठ दुखते म्हणून भाजी आणायला नाही म्हणालात."  औषध घेतलं. गॅस बंद आहे, दोनदा पाहिला.

४ जुलै, शुक्रवार

पाचही पुस्तकं चाळली. म्हणजे पाठी आणि कागद पाहिले. तीन खूप जुनी, कडा तपकिरी होऊन झडताहेत. दोन त्यामानाने बरी.

सरांना शेवटची पाच-सहा वर्षं हा नाद. भूगोलाचे मास्तर, रिटायर झाल्यावर बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात रोज फेरी. एकदा रद्दीतून एक गठ्ठा मिळाला, सगळी स्कॉटलंडच्या माणसांची. त्यानंतर तसलीच शोधायचे. गोष्टींची नकोत, झालेलं सांगणारी हवीत. मी म्हणायचो, इंग्लंडची पुस्तकं घेऊन करता काय? तर चिडायचे. "अण्णा, स्कॉटलंड वेगळं. तुमच्या कसबा पेठेला कोणी कोथरूड म्हटलं तर चालेल का?"

चालणार नाही.

दर गुरुवारी संध्याकाळी पाचला यायचे. समोरच्या स्टुलावर बसायचे. मी शिवायचो, ते बोलायचे. चाळीस वर्षं.

सगळी इंग्रजी अक्षरं मला येतात. पाठीवर सोनेरी नावं ठोकली आहेत जन्मभर. अक्षर ओळखतो, शब्द नाही. शाळा सातवीत सुटली. सर म्हणायचे, "रोज अर्धा तास द्या, वर्षात वाचायला लागाल." मी म्हणालो होतो, सर, आमचं काम पाठीशी, पोटात काय आहे ते तुम्ही बघा. तेव्हा हसले. नंतरही दोन-तीनदा विचारलं, तेव्हा मी तेच उत्तर दिलं. मग हसले नाहीत.

७ जुलै, सोमवार

तिन्ही जुन्या पुस्तकांची शिलाई उसवून नवी घातली. हवा दमट, खळ वाळत नाही. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद जास्त घातला, बोटं चुरचुरताहेत.

शिवताना आत बघायचं नाही ही आमच्या वस्तादाची शिस्त. लहानपणी एकदा चित्र बघत बसलो तर लाकडी फळी पाठीत बसली होती. तेव्हापासून नजर फक्त घडीवर आणि कडेवर.

पु. १ कापलं. कडा फार खराब होत्या म्हणून चांगला अर्धा पेरभर काप घेतला, तिन्ही बाजूंनी. मशीनचं चाक फिरवताना दम लागला. पण पातं अजून तसंच आहे.

गल्लीतला दत्तू मूर्तिकार आला. दर वर्षी गणपतीआधी कातरण न्यायचा, लगद्यासाठी. म्हणाला, "अण्णा, दुकान परत उघडलं की काय? थोडीच आहे, पण चालेल." नेली.

९ जुलै, बुधवार

पु. २ आणि ३ कापली. कड अशी आली की बोट फिरवत राहावं. दोन वर्षांत हात विसरला नाही. पुस्तकं उजेडात धरून बघत होतो तर ही म्हणाली, "आरसा आहे का तो?"

बरं वाटलं आज. बी.पी. पण ठीक.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. पुठ्ठ्यावरच्या कापडाचा रंग विचारायला वहिनींकडे गेलो. सरांचे चार-पाच जुने विद्यार्थी येऊन गेले होते. फोटोला हार. वहिनींनी चहा दिला. कापड हिरवं म्हणाल्या.

निघताना म्हणाल्या, "अण्णा, कडेला यांनी पेन्सिलीने मराठीत काहीबाही लिहिलंय. ते राहील ना नीट? मला कधी सांगितलं नाही काय वाचतात ते. म्हणायचे, तुला कंटाळा येईल. आता तेवढंच वाचीन म्हणते."

मी म्हणालो, "हो."

जिना उतरलो. हो का म्हणालो?

११ जुलै, शुक्रवार

पहाटे उठून भिंग घेऊन बसलो. प्रत्येक पानाच्या कडेला पेन्सिल. फिकट, बारीक, सरांचं वळणदार अक्षर. डाव्या पानांवर ओळीची सुरुवात गेलेली, उजव्या पानांवर शेवट. मीच कापलं. शिवताना एवढी पानं हाताखालून गेली आणि मला पेन्सिल दिसली नाही. डोळ्याचं निमित्त आहे. पण दुसरा डोळा तर नवा आहे.

पु. २ आणि ३ ची कातरण अजून पोत्यात होती. ते पोतं आधी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग दत्तूकडे गेलो.

"दत्तू, सोमवारची कातरण?"

"ती? भिजवून कुटून झाली की. का, नोट गेली का एखादी?"

"नोट नाही. लिहिलेलं होतं. सरांचं."

"मग बरंय की अण्णा. विद्येच्या देवाकडेच गेलं." मग माझा चेहरा पाहून जरा दबक्या आवाजात, "मूर्तीत नाही घातलं. उंदीर केले त्याचे. थोडी होती ना."

फळीवर नऊ उंदीर वाळत ठेवले होते. न रंगवलेले, राखाडी. बघत उभा राहिलो. त्याने बसायला स्टूल दिलं.

हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन वहिनींना सांगा." म्हटलं, उद्या. "उद्या काय होणारे? कागद फुटून येणारेत का?"

बी.पी. १६०. यावेळी खरंच.

१५ जुलै, मंगळवार

गेलो नाही. त्याऐवजी पोतं उपसलं. जमिनीवर चादर, त्यावर कातरण. पु. २ चा कागद पिवळट, खरबरीत, ३ चा पांढरा, जाड. हाताला लगेच कळतं. दोन ढीग केले. कोऱ्या पट्ट्या वेगळ्या, पेन्सिलीच्या वेगळ्या. हिने पंखा लावला आणि सगळं उडालं.  परत वेचलं, दोघांनी.

विचार असा: पट्ट्या जुळवायच्या, पातळ कागदाने मागून चिकटवायच्या, मग वहिनींना सांगायचं. निदान हातात काही असेल.

१८ जुलै, शुक्रवार

पट्टीवरचे अर्धे शब्द बघून पान सापडत नाही. "...सारखेच", "...पाहणे" असं शंभर ठिकाणी बसेल. पानात काय आहे ते कळलं तर जुळेल. म्हणजे वाचायला हवं. घरातली जुनी डिक्शनरी काढली, हिच्या शाळेतली. एका ओळीला पाऊण तास लागला. त्यातले तीन शब्द डिक्शनरीतच नाहीत.

हिच्या फोनमध्ये मुलाने काहीतरी घालून दिलंय. पानावर फोन धरला की त्यावर मराठी उमटतं. तिने धरला. "मेंढीस भिंतीमधून जाण्याची परवानगी आहे." म्हटलं, हे काय, कलेक्टरचं पत्र आहे का? ही म्हणाली, "पुढे तरी बघा."

तर पु. ३ हे एका गवंड्याचं आहे. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड ठेवून माळावर मैल मैल भिंती बांधणारा. म्हातारपणी स्वतः लिहिलेलं. मला वाटायचं पुस्तकं लिहिणारे साहेब असतात.

१९ जुलै, शनिवार

पहिली पट्टी बसली! तेच मेंढीचं पान. गवंडी म्हणतो, भिंतीत खाली एक चौकोनी भोक ठेवतो, मेंढी एकीकडून दुसरीकडे जाईल एवढं. गाय जाणार नाही. कडेला सरांचं, जोडून वाचलं: "भिंत म्हणजे नुसतं अडवणं नव्हे. अण्णांना विचारणे – शिलाईत अशी मोकळीक ठेवतात का? गुरुवार."

ठेवतात. पाठ आणि पुठ्ठा यांच्यामध्ये खाच ठेवतात. नाहीतर पुस्तक उघडणारच नाही, उघडलं तर फाटेल. गवंड्यालासुद्धा कळलं असतं हे.

सरांनी विचारलं असेल. मी काय उत्तर दिलं होतं ते काही केल्या आठवत नाही. बहुधा "हूं".

२४ जुलै, गुरुवार

पाच वाजता उगीच दाराकडे बघितलं.

पु. २ बाईचं आहे. ही म्हणाली, हे मी धरते, तुम्ही पट्ट्या बघा. पोरवयात समुद्राकाठी मासे चिरून मिठात भरायची कामं. गावोगाव बोटींमागून जायच्या पोरी. सुरी इतकी झपाझप चालायची की बोटं कापायची, त्यात मीठ. म्हणून कामाआधी दहाही बोटांना चिंध्या बांधायच्या. एकमेकींच्या, दातांनी गाठ मारून.

हिने फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "आता बघा इथली पट्टी." शोधली. दोन तास गेले. पानावर शिल्लक होतं "अण्णांच्या बोटां", पट्टीवर "ना हिवाळ्यात भेगा, मोरचूद. हे सांगणे".

आठवलं. हे आठवलं. सर सांगत होते चिंध्यांचं, हात वर करून दाखवत होते बोटं कशी बांधायची. मी म्हणालो होतो, "सर, जरा सरकून बसा, उजेड अडतोय."

सरकून बसले होते.

२ ऑगस्ट, शनिवार

आत्तापर्यंत एकतीस पट्ट्या बसल्या. त्यातल्या चौदांवर माझं नाव. बाकी नुसतं "गुरुवार". एकदाही "घरी सांगणे" नाही.

आज कळलं हे काय आहे. मास्तर लोक वर्गावर जाण्याआधी टाचण काढतात. काय शिकवायचं, कुठे काय विचारायचं. सर रिटायर झाले होते, वर्ग नव्हता. हे टाचण माझ्यासाठी काढायचे. चाळीस पोरांसाठी नाही, एका माणसासाठी. आणि तो खाली मान घालून बसायचा.

हिला म्हटलं. ती म्हणाली, "मग वहिनींना हे वाचून काय वाटेल?"

तेच. कापलं म्हणून एक दुखणं आणि जोडलं म्हणून दुसरं. त्यांना वाटतंय नवऱ्याचं मन कडेला लिहिलंय. तिथे बाइंडरचं नाव.

थोड्या पट्ट्या न जोडता ठेवल्या तर? कोणाला कळणार आहे? हा विचार आला म्हणून लिहून ठेवतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वहिनींचा फोन. "अण्णा, घाई नाही. पण झालं का एखादं?" म्हटलं, खळ वाळत नाही, हवा दमट आहे. "ऑगस्टात असते," म्हणाल्या. आवाज कोरडा. संशय आला असेल का? की सहजच? रात्रभर झोप नाही. दार दोनदा उठून पाहिलं. औषध घेतलं.

१७ ऑगस्ट, रविवार

मासेवाल्या बाईचं ही माझ्या पुढे जाऊन वाचते. दुपारी भांडी तशीच आणि ही फोन धरून. "तिची मैत्रीण आजारी पडलीय हो, बोटांना लागण झालीय, आता ही एकटीच पुढच्या गावाला जाणार." म्हटलं, माझ्या पट्ट्या? "थांबा, तिचं काय होतंय बघू द्या."

सत्तर वर्षांची बाई, बांगडासुद्धा कधी खाल्लेला नाही.

मला आता फोन न धरता काही शब्द कळतात. दगड, भिंत, हात, मीठ, दोरी, वारा. डिक्शनरी बघून एक ओळ पंधरा मिनिटांत होते. सर म्हणाले होते वर्ष. चाळीस वर्षं होती हाताशी.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. दत्तूकडूनच आणले. त्याने न मागता उंदीर दिला, "त्यातलाच आहे" म्हणाला. उंदीर वेगळा असतो, मूर्तीपुढे ठेवायचा. रंगवल्यावर चांगला दिसतोय.

"देवापेक्षा उंदराकडे जास्त लक्ष आहे," ही म्हणाली.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचं विसर्जन, घरीच बादलीत. उंदीर सोडला नाही. हात होईना. ही म्हणाली, "वाहन ठेवून घेतलंत आणि देवाला पायी पाठवलंत." पण काढून टाक म्हणाली नाही. कटिंग मशीनवर ठेवलाय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पु. २ आणि ३ ची जोडणी झाली. सगळ्या नाही, वीसेक पट्ट्यांना पान मिळालं नाही, त्या पाकिटात ठेवल्या. आतून बघितलं तर कडेला जोडाची रेघ दिसते. मुद्दाम झाकली नाही. एकही पट्टी मागे ठेवलेली नाही, माझ्या नावाचीही नाही.

राहिलेली दोन, डॉक्टरचं आणि होड्या बांधणाऱ्याचं, न कापताच बांधली. कडा खडबडीत राहिल्या. वस्ताद असते तर फळी बसली असती. बसू दे.

पु. १ बांधलं, पण आत बघवत नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आज पु. १ उघडलं. एका बेटावरच्या पोस्टमनचं. याच्या कातरणीचे उंदीर झाले, म्हणून अर्धीच वाक्यं. "पत्र पोचेपर्यंत माणूस" आणि पुढे काही नाही. "पुण्यातही पूर्वी" आणि पुढे काही नाही. चाळत गेलो. पान २१३ वर, उजव्या बाजूला, जरा दाबून लिहिलंय: "हे अण्णांना नक्की".

तिथे कापलं.

लिहावं की नको. लिहितो. मार्चमधला शेवटचा गुरुवार. सर हेच पुस्तक घेऊन आले होते. बसायच्या आधीच उघडलं, मध्ये बोट घातलेलं होतं. मला झोप येत होती. म्हणालो, सर, आज बी.पी. वाढलंय, पुढच्या गुरुवारी बघू. बी.पी. वाढलं नव्हतं. सर म्हणाले, "ठीक. पुस्तक काही पळून जात नाही." आणि गेले. पुढच्या गुरुवारी दवाखान्यात होते. एप्रिलमध्येच गेले.

बोट कोणत्या पानात होतं ते आज कळलं असं वाटतं. नक्की नाही.

ही आत काही शिवत होती. तिला पानाचं सांगितलं, झोपेचं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हत्यारांची पूजा. सुई, टोच्या, हातोडी, सगळं पाटावर मांडलं. मशीनच्या पात्याला दर वर्षी मीच झेंडू वाहतो. आज फूल हातात घेऊन उभा राहिलो. शेवटी हिने घेतलं आणि वाहिलं. म्हणाली, "त्याचा काय दोष?"

रविवारी मुक्ता येतेय. उद्या जायलाच हवं. उद्या गुरुवार आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. वहिनींकडे यंदा सण नाही, म्हणून सोनं नेलं नाही. पाचही पुस्तकं पिशवीत. निघताना उंदीरही खिशात घातला, का ते माहीत नाही. शनिवारवाड्यापाशी गर्दी. दोनदा परत फिरावंसं वाटलं.

दारातच म्हणालो, "वहिनी, मी खोटं बोललो होतो."

"आत तर या."

पु. ३ उघडून जोडाची रेघ दाखवली. सगळं सांगितलं. त्यांनी बोट फिरवलं रेघेवरून.

"हे तुम्ही कापलंत?"

"हो."

"मी विचारलं तेव्हा कापून झालं होतं?"

"आदल्या दिवशी."

"आणि हो म्हणालात."

"हो."

आत गेल्या. पाण्याचा तांब्या आणि भांडं आणून ठेवलं. चहाचं विचारलं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

मग चष्मा लावून कडा वाचू लागल्या. एक पान, दुसरं, तिसरं. मी खिडकीकडे बघत होतो.  म्हणाल्या, "अण्णांना सांगणे. अण्णांना विचारणे. गुरुवारी म्हणजे तुमच्याकडे यायचे ते?"

"हो. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"मला मंडईत जातो म्हणून सांगायचे."

मी भांड्यात पाणी ओतलं.

"तरीच गुरुवारची भाजी शिळी असायची. घरी येता येता कुठल्यातरी गाडीवरून उचलत असणार."

हसल्या की काय, कळलं नाही. चष्मा काढून पदराने पुसत होत्या. मी म्हणालो, वहिनी, मी त्यांचं धड ऐकलंही नाही. त्या म्हणाल्या, "ते माहीत असणार त्यांना. मास्तर होते. मागच्या बाकावरचे काय करतात ते मास्तरांना दिसतं."

मी पाणी प्यायलो.  

मग वहिनींनी पोस्टमनचं हातात घेतलं. "याच्या पट्ट्या?"

"गेल्या." खिशात हात घातला. उंदीर हाताला लागला. काढला नाही.

त्यांनी चाळलं आणि त्याच पानावर थांबल्या. दाबून लिहिलेलं आहे, दिसतंच. मोठ्याने वाचलं: "हे अण्णांना नक्की." मग माझ्याकडे पाहिलं. "काय आहे या पानात?"

"माहीत नाही. वाचावं लागेल."

चार पुस्तकं त्यांनी सरांच्या कपाटात ठेवली. पाचवं परत माझ्या पिशवीत घातलं.

"मुक्ता नेणार होती ना?"

"मुक्ताला मी सांगेन काय ते. अर्धं तिथे आहे, अर्धं तुम्ही शोधा. मग मला येऊन सांगा."

कधी येऊ विचारलं नाही. त्याही बोलल्या नाहीत. राग आहे की काय आहे, मला ओळखता येत नाही. दार लावल्याचा आवाज जरा उशिराने आला, मी अर्धा जिना उतरल्यावर.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळपासून पुस्तक मांडीवर. तीनशे चाळीस पानं. डावा डोळा दुखतो. मला शहात्तर पूर्ण होतील मार्चमध्ये.

ही म्हणाली, "सरळ ते पान उघडा की. मी फोन धरते."

नको म्हटलं. सर कधी मधूनच सुरुवात करत नसत. आधी नकाशा काढायचे खळीच्या डब्याच्या झाकणावर, बोटाने, मग बोलायला लागायचे. झाकण अजून आहे. नकाशा अर्थातच नाही.

फोन तिला परत दिला. डिक्शनरी घेतली. मशीनवर उंदीर आहे, त्याचं तोंड माझ्याकडे केलं.

संध्याकाळपर्यंत सहा ओळी झाल्या. वारा कुठल्या दिशेचा आहे ते बघतोय. पोस्टमन अजून घराबाहेर पडलेला नाही.